वरच्या मजल्यावरची बाईसाहेब

१२ जानेवारी

मावशी,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि काकांना तर फोन दिसला तरी राग येतो, म्हणून पत्र.

तुमचा सिनेमा सापडला! ‘खून झालाय, चहा ठेवा’. कुठलंसं बंद पडलेलं थिएटर पाडताना प्रोजेक्टरच्या खोलीत डबे निघाले. ते आमच्या संग्रहालयात आले आणि साफसफाईसाठी नेमके माझ्याच टेबलावर येऊन पडले. आमच्या मुख्य बाईंना मी सांगितलं, हे पडद्यावरचे नवरा-बायको माझे सख्खे मावशी-काका आहेत, तर त्या आधी हसल्याच. मग म्हणाल्या, “नाक तुमच्या मावशीचंच आहे की!”

डबे उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास सुटला, पण चित्र बरंच शाबूत आहे. मी लहानपणापासून या सिनेमाबद्दल ऐकत आलो, पाहिला आत्ता पहिल्यांदा, तोही शेवटचं चिकटलेलं रीळ सोडून. डिटेक्टिव्ह नवऱ्याला काही म्हणता काही कळत नाही, बायकोला सगळं कळतं, आणि ती ते अशा बेताने सांगते की त्याला वाटावं, आपणच शोधलं. तो तिला ‘बाईसाहेब’ म्हणतो, ती त्याला ‘साहेब’. मी एकटाच हसत बसलो होतो.

दोन कामं आहेत. तिसऱ्या रिळाचा आवाज पार गेलाय. त्यातले संवाद तुला आठवतात का? आणि पडद्यावरच्या नावांच्या पाट्यांसाठी विचारतो: जिन्याच्या वर, हॉलकडे उघडणाऱ्या खिडकीत एक मुलगी उभी असते, ते काम कुणी केलं? कलाकारांच्या यादीत ती नाही.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा


२१ जानेवारी

भाचेबुवा,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तरी तुझे काका “काय? कोण सापडलं?” असं तीनदा विचारत होते. मग कळल्यावर आरशासमोर जाऊन भांग पाडून आले. या वयात! केस असते तर गोष्ट वेगळी.

संवाद विचारतोस? मला काल भाजीत मीठ घातलं का ते आठवत नाही, पण ते संवाद झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. तिसऱ्या रिळात बंद खोलीचा प्रसंग. मी दाराला कान लावते आणि म्हणते, “साहेब, कडी आतून आहे. म्हणजे खुनी अजून आतच आहे. आधी चहा घ्यायचा, का आधी त्याला पकडायचं?” हे म्हणतात, “चहा गार होईल.” बाकीचे सोबतच्या कागदावर लिहिलेत.

ते घर खरं होतं, सेट नव्हता. शहराबाहेर एका इंजिनियरचा बंगला होता. माणूस फार सज्जन, स्वतः ट्रे घेऊन सगळ्यांना चहा द्यायचा. एकच अट होती, वरच्या मजल्यावर कुणी जायचं नाही. वर सामान आहे म्हणाला. आमचा साऊंडवाला मात्र रडकुंडीला यायचा, कारण टेक चालू असताना वरून टकटक ऐकू यायची. मालक म्हणायचा, पाइपात हवा अडकते.

खिडकीत मुलगीबिलगी कुणी नव्हती रे. कुठल्या डागाला बघून घाबरलास? डोळे तपासून घे.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

डाग नाही. सोबत चार फोटो पाठवतोय, फ्रेम मोठ्या करून काढलेत. भिंग घेऊन बघ.

पहिल्यात तुम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर भांडताय. वर बघ. दुसऱ्यात काका प्रेताची नाडी बघायला जातात आणि चुकून स्वतःचीच बघतात. वर बघ. हे प्रसंग एका दिवसाचे नाहीत, प्रत्येकात तुझे कपडे वेगळे आहेत. तिचे तेच आहेत.

शूटिंग बघणारा माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे. तो कलाकारांकडे बघतो, हसतो, शेजारच्याला काहीतरी सांगतो. ही तुमच्याकडे बघत नाही. ही कॅमेऱ्याकडे बघते. दोन्ही तळवे खिडकीच्या गजांना लावलेले, आणि तोंड हलत असतं. कॅमेरा थांबला की ती काय करत असेल, ते अर्थात मला दिसत नाही.

गेला आठवडाभर मी हे एकटाच बघतोय. तुमच्या विनोदांवर आता हसू येत नाही. काका तोंडघशी पडतात आणि माझी नजर आपोआप वर जाते.

काकांना दाखवू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील.

भाचा


१६ फेब्रुवारी

भाचेबुवा,

काकांना दाखवले. इतकी वर्षं संसार करून या माणसापासून एक पाकीटसुद्धा लपवता आलेलं नाही मला.

दोघांनी आळीपाळीने भिंग धरलं. मुलगी खरंच आहे. अरे, आमच्या डोळ्यांवर मोठे दिवे असायचे, त्यांच्यामागचा जिन्याचा वरचा भाग नुसता काळा दिसायचा. कॅमेरावाल्याला ती दिसली असेल, पण घरातलं कुणी बघत असेल म्हणून त्याने सोडून दिलं असणार. काका म्हणाले, “कोट काढ माझा.” मी म्हटलं, “अहो, कुठे?” तर म्हणतात, “बाईसाहेब, तपासाला.” पन्नासएक वर्षांनी मला त्या नावाने हाक मारली. मी हसले आणि लगेच मला कसंसंच झालं.

बसने गेलो. बंगला आहे. आजूबाजूला इमारती झाल्यात, हा मधे दातासारखा उभा. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची बायको एकटीच राहते. गोड बाई, हनुवटीवर ठसठशीत तीळ. आम्हाला ओळखलं, चहा केला, शूटिंगच्या आठवणी सांगितल्या. मी फोटो पुढे केला. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, “अगंबाई, ही तर मीच! सारखी बघत उभी राहायचे. नवरा रागवायचा.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. साधीच गोष्ट होती आणि आपण दोघं किती घाबरलो!

फक्त ती खिडकी आता तिथे नाही. जिन्याच्या वर सपाट भिंत आहे, तिच्यावर मोठं निसर्गचित्र लावलंय. “धूळ यायची, म्हणून बुजवली,” ती म्हणाली. मला पटलं. हॉलकडे उघडणाऱ्या खिडकीतून कसली धूळ येते, हे परतीच्या बसमध्ये काकांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. तपास संपला.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

मला न सांगता गेलात हे बरं केलं नाही. आणि तपास संपला नाही.

ती बाई खोटं बोलली. पाचव्या रिळात पार्टीचा प्रसंग आहे ना, त्यात गर्दी म्हणून घरच्या माणसांना उभं केलंय. मालक आहे, आणि त्याच्या शेजारी त्याची तरुण बायको, हातात पेला, लाजून हसतेय. तू लिहिलास तो हनुवटीवरचा तीळ आहे. तिच्या डोक्यावर, त्याच फ्रेममध्ये, खिडकीत ती दुसरी आहे. फोटो सोबत आहे.

पुढचं लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. तू लिहून दिलेले संवाद ओठांशी जुळतात का ते पाहायला मी मूकबधिरांच्या शाळेतल्या एका बाईंना बोलावलं होतं. त्या ओठ वाचतात. तुझं आणि काकांचं सगळं बरोबर निघालं. उठता उठता त्या सहज म्हणाल्या, “वरच्या बाई बोलतात तेही लिहून देऊ का?”

मावशी, ती तुझे संवाद म्हणते. तुमच्या तालमी ऐकून पाठ केले असणार. तू खाली तोंड उघडतेस तेव्हाच ती वर उघडते, शब्दाला शब्द. तिसऱ्या रिळात फक्त एका जागी फरक आहे. बाईंनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. म्हणाल्या, ‘आतून’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, आणि हिचे मिटतात.

ती म्हणते, “साहेब, कडी बाहेरून आहे.”

आता मी येईपर्यंत कुठे जाऊ नका. पोलिसांत माझा एक मित्र आहे, त्याच्याशी बोलतो.

भाचा


८ मार्च

भाचेबुवा,

तुझ्या मित्राची वाट पाहायला आमच्याकडे वेळ नव्हता. या वयात कुणाकडेच नसतो.

या वेळी तिने दार अर्धवटच उघडलं. मी काही बोलण्याआधी तुझ्या काकांनी फटीत बूट घातला. सिनेमात घालतात तसाच, फक्त इथे खरोखर चेंगरला आणि ते कळवळले. त्यांना खुर्ची द्यावी लागली म्हणून आम्हाला आत घेतलं गेलं. तपासाची कुठली पद्धत म्हणावी ही!

मी पार्टीचा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उलटा केला. टेबलावरच्या चहाच्या डागावरून ती बोट फिरवत बसली.

मग म्हणाली, “माझी नणंद.”

“काय झालं होतं तिला?”

“काही नाही. लग्न करायचं होतं एकाशी. यांना पसंत नव्हतं. चार दिवस कोंडून ठेवू, डोकं ठिकाणावर येईल, म्हणाले. तो माणूस कंटाळून दुसरीकडे संसाराला लागला. कडी काढायची राहून गेली.”

‘राहून गेली’ म्हणाली. दूध उतू गेल्यासारखं.

“तुम्ही जेवण द्यायचात?”

“दोन्ही वेळा. कधी उपाशी ठेवलं नाही.” आणि तिने मान वर केली, जणू मी शाबासकी देणार होते.

शूटिंग संपल्यावर नणंद दुसरं काही बोलेनाच. दिवसभर नुसते माझे संवाद. एका सकाळी नवरा तिला गाडीत घालून डोंगरापलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात सोडून आला. परत आला तो गवंडी घेऊनच. खिडकी बुजवली.

“पुढे?” काकांनी विचारलं.

“मी कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतोय. काकांचा अंगठा सुजलाय. रागावू नकोस.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

महिना होऊन गेला. तुमच्या घराला कुलूप आहे असं शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि चार दिवसांनी म्हणाल्या, आता कुलूप नाही, पण दारही कुणी उघडत नाही. आतून तिघांचे आवाज येतात म्हणाल्या. तिघांचे?

दोन ओळी तरी लिही. नाहीतर मी येतो.

भाचा


२० एप्रिल

भाचेबुवा,

येऊ नकोस अजून. नवा माणूस दिसला की ती आत जाऊन बसते.

सांगते सगळं. इस्पितळात आम्ही ज्या नर्सला विचारलं ती नावावरून काही सांगू शकेना. भावाने नावच खोटं लिहिलं होतं. काकांनी खिशातून फोटो काढून पुढे केला. नर्स म्हणाली, “अहो, ह्या तर आमच्या बाईसाहेब!”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण तिथे सगळे तिला तेच म्हणतात. तिने स्वतःच तसं सांगितलेलं. तिचे यजमान डिटेक्टिव्ह आहेत, एका खुनाच्या तपासात अडकलेत, सुटले की न्यायला येतील. कुणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. ज्या नर्सेसना तिने शिवण शिकवलं त्याही आता निवृत्त झाल्यात.

लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा. शेवटच्या खाटेवर एक पांढऱ्या केसांची बाई ताठ बसली होती. पायाशी बोचकं बांधलेलं. नर्स म्हणाली, ते रोज सकाळी बांधतात आणि संध्याकाळी सोडतात. तिने काकांना येताना पाहिलं. उठली, बोचकं उचललं आणि म्हणाली, “उशीर केलात, साहेब.”

तुझे काका. ज्यांना मी शेजारून ओरडले तरी ऐकू येत नाही, त्यांना हे त्या खोलीच्या टोकावरून ऐकू आलं. त्यांनी टोपी काढली आणि सिनेमातल्या आवाजात म्हणाले, “केस किचकट होती, बाईसाहेब.”

मी मधेच उभी राहिले. मला म्हातारपणी कुणाची दया यावी, रडू यावं, हे समजण्यासारखं आहे. पण मला भीती वाटली. तिने माझ्याकडे पाहिलं, ते चहा घेऊन येणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं. मग बोचकं माझ्या हातात दिलं.

डॉक्टर म्हणाले, हिला इथे ठेवण्यासारखं फारसं काही नाही, फक्त विचारायलाच कधी कुणी आलं नाही. वहिनीची सही लागत होती. आम्ही परत बंगल्यावर गेलो. वहिनीने सही केली, पण तिला भेटायला गाडीपर्यंत आली नाही.

आता ती आमच्या पुढच्या खोलीत असते. स्वच्छ, टापटीप, वेळेवर जेवते. मला ‘अहो ताई’ म्हणते. काकांनी घरातल्या सगळ्या आतल्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. नाटक म्हणून चार दिवस करायचं ठरलं होतं आमचं. काल ती बागेत होती, घरात आम्ही दोघंच. मी स्वयंपाकघरातून “अहो” म्हणून हाक मारली, चारदा मारली. काकांनी पेपरचं पान उलटलं. मग मी “साहेब” म्हटलं. ते उठून आले.

मावशी


३ जून

मावशी,

तुझं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. मी ते फोटो पाठवले नसते तर, असं मनात येतं. आणि मग त्या बोचक्याचं मनात येतं.

शेवटचं रीळ सर्वांत खराब होतं, थर एकमेकांना चिकटलेले. ते परवा सुटलं. सिनेमा पूर्ण झाला. डिस्क पाठवतोय. शेवटचं रीळ मी नीट बघितलेलं नाही, नुसतं साफ करून दिलं. खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही.

तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं, दाखवू नये.

भाचा


१९ जून

भाचेबुवा,

दाखवला.

ठरवून नाही. काकांनी दुपारी पडदे ओढले आणि डिस्क लावली. मी भाजी निवडत होते. ती आपणहून येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

पडद्यावर मी बोलायला लागले की ती हळू आवाजात बरोबर बोलायची. मला माझाच आवाज दोन बाजूंनी ऐकू येत होता, एक चोवीस वर्षांचा आणि एक म्हातारा. आवाज नसलेल्या तिसऱ्या रिळात मी हातातली भाजी मांडीवर ठेवली. तिने ‘बाहेरून’ म्हटलं. काकांनी मान फिरवून तिच्याकडे पाहिलं आणि परत पुढे वळले. खिडकीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, सुटलो.

मग शेवटचं रीळ आलं. खुनी सापडलेला, पोलीस निघालेले, आम्ही दोघं हात धरून हॉलमधून बाहेर पडतो. मला वाटत होतं सिनेमा इथेच संपतो. पण दारात पोचल्यावर पडद्यावरची मी वळते. वर बघते. छान हसते आणि हात हलवते.

अरे, हे मला साफ आठवत नव्हतं. तेव्हा आठवलं. शेवटचा दिवस होता, दिवे काढायला सुरुवात झाली होती. वर कुणाचा तरी हात हललेला दिसला. कुणीतरी हौशी मुलगी आपल्याला निरोप देतेय असं वाटलं, म्हणून मीही हात केला. एवढंच. दिग्दर्शकाला आवडलं म्हणून त्याने ते ठेवून दिलं.

तिने बोलणं थांबवलं होतं. पडद्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, “ह्यांना कळलं होतं.”

काकांनी चित्र तिथेच थांबवलं.

“सगळ्या युनिटमध्ये ह्यांना एकट्यांना. मी रोज भिंत ठोकायचे, कुणी वर बघायचं नाही. त्या दिवशी ह्यांनी बघितलं. हात केला. म्हटलं, झालं, निरोप पोचला. मग मी ठोकणं बंद केलं. कशाला उगाच त्रास द्यायचा? बाई शब्दाची पक्की दिसते. साहेबांना घेऊन येईल.”

काका माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी, माझ्याकडे. आवाज सिनेमातला नव्हता. “अगं...” एवढंच म्हणाले.

सांगावं का, की ती मी? की मला काहीच कळलं नव्हतं? तिचा चेहरा इतका स्वस्थ होता की माझी जीभ उचलेना.

“आता कुठे असतात हो त्या, ताई?” तिने विचारलं. “आल्या नाहीत साहेबांबरोबर.”

“येतील,” मी म्हटलं.

“येऊ देत सावकाश,” ती म्हणाली. आणि माझ्या मांडीवरची भाजी स्वतःकडे ओढून घेऊन निवडायला लागली.

मावशी